फन राइड नको, शर्यत हवी!

'सायकल रॅली' या प्रकाराचा मला मनापासून कंटाळा आला आहे. गेल्या दोन वर्षांत कोल्हापुरात अशा चार रॅल्या मी केल्या. सकाळी सहाला जमायचं, टी-शर्ट घ्यायचा, पाहुणे येईपर्यंत पावणेआठ वाजतात, मग झेंडा हलतो आणि जीपच्या मागून गावातून एक चक्कर मारून यायचं. पोहे, चहा, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. पर्यावरणाचा संदेश देणाऱ्या एका रॅलीच्या पुढे-मागे धूर सोडणाऱ्या गाड्याच सायकलींपेक्षा जास्त होत्या, हे मी स्वतः मोजलंय. असो.

त्यामुळे या वर्षी आपल्या स्पोर्ट्स वीकमध्ये सायकल येणार असं कळलं तेव्हा लेडीज हॉस्टेलवर आम्ही अक्षरशः उड्या मारल्या. मग नोटीस लागली. मुले : २५ कि.मी. सायकल रॅली. मुली : ५ कि.मी. फन राइड.

आता पाच किलोमीटर म्हणजे किती? रमतगमत गेलं तरी वीस-पंचवीस मिनिटं. आमच्यातल्या निम्म्या मुली शाळेत असताना क्लासला यापेक्षा जास्त सायकल मारत होत्या, तीही दप्तर घेऊन. मुलींची 'फन' पाच किलोमीटरला संपते हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक! माझी कागलची रूममेट म्हणाली, "मी येतो बघ पंचवीसला, कोण अडवतंय ते बघूच." (इकडच्या मुली 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी बाहेरून आलेली, कॉन्व्हेंटची, पहिल्या सेमला हे ऐकून चक्रावले होते. आता मीही तसंच बोलते... म्हणजे बोलतो!) बोलण्यात मुलगा-मुलगी सारखेच आणि सायकलवर बसलं की एकदम वीस किलोमीटरचा फरक, हे काही मला पटत नाही.

पण माझं भांडण फक्त किलोमीटरशी नाही. आम्हालाही पंचवीसच्या रॅलीत घ्या एवढंच मागायला मी हा लेख लिहीत नाहीये. रॅलीच नको, शर्यत घ्या. आणि शर्यत घ्यायची तर क्रॉसकंट्री माउंटन बाइकची घ्या, कारण त्यासाठी लागणारी जागा आपल्या कॉलेजच्या मागेच पडून आहे.

क्रॉसकंट्री म्हटलं की आपल्याकडे पळायची शर्यत डोळ्यांसमोर येते. सायकलच्या क्रॉसकंट्रीत साधारण ४ ते ६ कि.मी.चा एक फेरा आखतात. त्यात चढ, उतार, खडक, मुरूम, मधे मधे एकच सायकल जाईल एवढी पायवाट. इंग्रजीत तिला 'सिंगल ट्रॅक' म्हणतात, आपल्याकडे गुरांची वाट. असे पाच-सहा फेरे मारायचे. आंतरराष्ट्रीय नियमात मोठ्या खेळाडूंची शर्यत साधारण एक तास वीस मिनिटं ते एक तास चाळीस मिनिटं चालावी अशा बेताने फेरे ठरवतात, आणि ही वेळ पुरुषांना आणि महिलांना सारखीच आहे. फेरे एखाददुसरा कमी होतील, पण दम तेवढाच वेळ काढायचा.

१९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा पुरुषांची आणि महिलांची अशा दोन्ही शर्यती त्याच वर्षी झाल्या. नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटजेन्स आणि इटलीची पाओला पेझ्झो जिंकले. मॅरेथॉनमध्ये बायकांना पळू द्यायला ऑलिम्पिकला १९८४ साल उजाडावं लागलं होतं! या खेळात तो प्रश्नच आला नाही. भारताचं म्हणाल तर ऑलिम्पिकच्या माउंटन बाइक शर्यतीत आजपर्यंत एकही भारतीय उतरलेला नाही, ना मुलगा ना मुलगी. पण आपल्या बाजूला मुली काय करतायत ते बघा. इचलकरंजीच्या पूजा दानोळेने २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत रोड सायकलिंगची सुवर्णपदकं आणली. संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत महाराष्ट्रासाठी पदकं मिळवत आली आहे. फन राइड करून या दोघी तिथं पोचल्या नसाव्यात, असा माझा अंदाज.

गेल्या डिसेंबरात पन्हाळ्याच्या बाजूला एका माळावर एका हौशी ग्रुपने अशी शर्यत घेतली, त्यात मी उतरले होते. सायकल मामेभावाची जुनी, पुढे साधा शॉकर, मागे काही नाही. मुलींसाठी पाच फेरे, मुलांसाठी सहा, वाट तीच. आम्ही मुली नऊ जणी.

शिट्टी वाजल्यावर पहिली दोनशे मीटर सगळे रुंद रस्त्यावर असतात आणि मग एकदम पायवाट सुरू होते. तिथं जी आधी घुसली ती पुढे, बाकीच्या तिच्या चाकामागची धूळ खात. ओव्हरटेकला जागाच नाही. पुढचीला "डावीकडून!" असं ओरडायचं आणि ती सरकेल तेव्हा जायचं. मग मुरमाचा चढ. चढावर जोर लावायला आपण सवयीने सीटवरून उठतो. डांबरी रस्त्यावर ते चालतं. मुरमावर उठलं की वजन पुढे जातं, मागच्या चाकावरचा दाब कमी होतो, घर्षण संपतं आणि चाक जागच्या जागी गरगरतं. (फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये मला जे 'नॉर्मल रिअॅक्शन' कळलं नव्हतं, ते इथं कळलं.) म्हणून सीटच्या पुढच्या टोकावर बसून, छाती हँडलजवळ आणून, सगळ्यात हलक्या गिअरवर खुरडत खुरडत चढायचं. चालत जाणारा माणूस आपल्याला मागे टाकेल इतका तो वेग असतो, पण हृदय इतकं धडधडतं की कानात ऐकू येतं. वर पोचल्यावर वाटतं सुटलो. मग दगडांचा उतार. तिथं पाय सुटतो, हात दुखतात आणि ब्रेक किती दाबायचा याचा हिशेब दर दोन सेकंदाला नव्याने करायचा.

तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटी एका दादाने लाल झेंडा दाखवून मला बाजूला घेतलं. याला ८० टक्क्यांचा नियम म्हणतात. आघाडीवरच्या खेळाडूला पहिल्या फेऱ्याला जेवढा वेळ लागला, त्याच्या ८० टक्क्यांहून जास्त वेळाने तुम्ही तिच्या मागे पडलात, की तुम्हाला थांबवतात. आमची पहिली सोळा मिनिटांत फेरा मारत होती, म्हणजे मुभा बारा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांची. मी चौदा मिनिटं मागे होते. हे क्रूर वाटतं, पण कारण साधं आहे. आघाडीची खेळाडू मागून फिरून येऊन अरुंद वाटेवर तुमच्यात अडकू नये.

मला खरं आवडलं ते पुढे. मला वाटलं आता आपण बाद. तासाभराने निकालाचा कागद लागला, त्यात माझं नाव होतं! सातवी, आणि पुढे 'उणे २', म्हणजे दोन फेरे बाकी. ज्या दोघी मधेच सोडून गेल्या त्यांच्यापुढे 'डीएनएफ', आणि त्या माझ्या खाली. इंजिनिअरिंगवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही : 'उणे २' म्हणजे एटीकेटी आणि डीएनएफ म्हणजे वायडी. पण गंमत सोडा. चार रॅल्यांची चार सर्टिफिकेटं माझ्याकडे आहेत, चारही सगळ्यांना मिळालेलीच आहेत. माझं नेमकं किती होतं आणि किती कमी पडलं, हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या झेरॉक्स कागदावर. परवा प्रॅक्टिसला तो चढ मी घड्याळ लावून चढले, दीड मिनिट कमी झालंय. रॅलीत असं काय कमी करणार?

त्या शर्यतीतला एक मुलगा अजून लक्षात आहे. जवळच्याच गावचा, घरचं दूध सकाळी डेअरीला घालून आलेला. सायकल साधी चोवीस नंबरची... नाही, अठ्ठावीस नंबरची, बिनगिअरची, दांड्याच्या ब्रेकची, कॅरिअर आणि स्टँड काढून टाकलेलं. नोंदणीच्या टेबलवर त्याला सांगण्यात आलं की गिअरची सायकल नसेल तर घेता येणार नाही. दहा मिनिटं वाद झाला, शेवटी कुणीतरी हेल्मेट दिलं आणि त्याला घेतलं.

आता जरा गणित करू. त्याच्या सायकलला पुढे साधारण ४४ दाते, मागे १८. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे २.४४ फेरे, चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे एका पेडलला सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे. माझ्या सायकलला हलक्या गिअरवर पुढे २८, मागे २८. एका पेडलला चाकाचा एकच फेरा, दोन मीटर. त्याच चढावर त्याला माझ्या अडीच-पावणेतीनपट जोर लावावा लागत होता. त्याने काय केलं? चढ आला की उतरायचा, सायकल खांद्यावर टाकायचा आणि पळत सुटायचा! नियमात हे बसतं, सायकल घेऊन पळायला पूर्ण परवानगी असते. उतारावर दांड्याचे ब्रेक धड लागत नव्हते म्हणून तिथं मात्र सांभाळून. शेवटी त्यालाही झेंडा दाखवला, पण पाच फेरे झाल्यावर, उणे १. बावीस जणांत पंधरावा. त्याच्या मागे जे होते त्यांच्यात 'डबल शॉकर'वाले तिघं होते.

डबल शॉकरचं एक सांगून टाकते, कारण आपल्या पार्किंगमध्ये त्यांची रांग आहे. भारी माउंटन बाइकला दोन्हीकडे सस्पेन्शन असतं आणि त्याला डॅम्पिंग असतं. आपल्याकडच्या स्वस्त डबल शॉकरला मागे नुसती स्प्रिंग. पेडल मारलं की तुमची निम्मी ताकद ती स्प्रिंग दाबण्यात जाते, सायकल घोड्यासारखी वर-खाली होते आणि पुढे कमी जाते. वर वजन किलोकिलोने जास्त. ज्या पैशात हा डौल येतो त्यात एक हलकी, साधी, मागे शॉकर नसलेली सायकल येते. पोस्टर बघून सायकल घेऊ नका भावांनो!

तसंही हा खेळ भारी सायकलींनी सुरू केलेला नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ माउंट टॅमलपायस नावाच्या डोंगराच्या परिसरात काही पोरं जुन्या, जाड टायरच्या, भंगारातल्या सायकली घेऊन मातीच्या उतारावर शर्यत लावायची. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असायचा, पेडल उलटं मारलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. त्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये 'माउंटन बाइक्स' नावाने दुकान थाटलं. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा व्हायला १९९० उजाडलं. थोडक्यात, वेल्डिंग, लेथ आणि रिकामा वेळ असलेल्या पोरांनी हा खेळ काढला. वेल्डिंग आणि लेथ म्हटलं की उद्यमनगर आठवत नसेल तर तुम्ही कोल्हापुरात चार वर्षं काय केलंत? त्या डिसेंबरातल्या शर्यतीआधी माझ्या सायकलचा वाकडा हँगर उद्यमनगरातल्या एका काकांनी पाच मिनिटांत सरळ करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. आपल्या वर्कशॉपला जॉब म्हणून एका सायकलची पूर्ण ओव्हरहॉलिंग ठेवली तर निदान मी तरी जर्नल स्वतः लिहीन!

दुरुस्ती यायलाच हवी, कारण या शर्यतीत मदत हवी तिथं मिळत नाही. ठरवून दिलेल्या पट्ट्यातच पाणी मिळतं आणि चाक बदलता येतं. बाकी वाटेवर पंक्चर झालं तर तुमचं तुम्ही निस्तरायचं, नाहीतर त्या पट्ट्यापर्यंत तशीच रेटायची. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं ऐन शर्यतीत पुढचं चाक बसलं. चाक बदलून निघेपर्यंत तो आघाडीपासून चाळीसएक सेकंद मागे पडला होता. शेवटच्या फेऱ्यात त्याने फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकलं आणि सुवर्ण घेतलं, तेही फ्रेंच पब्लिकच्या आरड्याओरड्यात. हॉस्टेलवर हे आम्ही मोबाइलवर पाहिलं आणि मेसचं जेवण थंड झालं.

आता जागेचं. शर्यत म्हटली की मेन्स हॉस्टेलवरून लगेच आवाज येतो, "मसाई पठारावर घेऊ!" किंवा "पन्हाळा ते पावनखिंड, नाद खुळा!" मला दोन्ही पटत नाहीत. मसाई पठार वरून कितीही रिकामं दिसलं तरी ते रिकामं नाही. जांभ्या खडकावर बोटभर माती, आणि पावसाळ्यात त्या मातीत येणारी बारीक फुलं. चाळीस सायकलींचे टायर एका रेषेत सहा वेळा गेले की तिथं चर पडतो, पुढच्या पावसात त्या चरातून पाणी वाहतं आणि होती ती माती निघून जाते. वनखात्याने हे पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलंय, ते उगाच नाही. आणि पावनखिंडीची वाट? जुलै १६६० च्या त्या रात्रीची आठवण म्हणून दर पावसाळ्यात हजारो लोक ती वाट चालतात, त्यात लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. त्या चिखलात मागून "डावीकडून!" ओरडत सायकल घालायची माझी तरी हिंमत नाही. शिवाय तिथं कुणाचा हात मोडला तर अँब्युलन्स कुठं येणार?

आपल्या मागच्या माळाचं तसं नाही. पाण्याच्या टाकीपासून वर चढणारी मुरमाची वाट आहे, वर सपाटी, तिकडून जुन्या खणीच्या कडेने दगडी उतार, खाली शेतांमधली पाणंद आणि परत ग्राउंड. मी आणि रूममेटने मोबाइलवर मोजलं, चार किलोमीटरला थोडं कमी भरतं. सगळी वाट आधीच गुरांनी आणि मुरूम नेणाऱ्या ट्रॅक्टरनी केलेली आहे, नवीन काही तोडायचं नाही. गायरानासाठी ग्रामपंचायतीला विचारावं लागेल आणि गुरं चारणाऱ्या मामांना तारीख आधी सांगावी लागेल. खणीच्या कडेला मात्र दोर आणि दोन माणसं हवीतच, तिथं तडजोड नको.

आणि फेऱ्यांच्या शर्यतीचा फायदा बघणाऱ्यांना. रस्त्याच्या शर्यतीत सायकली सूं करून एकदा जातात आणि संपलं. इथं ग्राउंडवर बसलेल्याला तोच गडी सहा वेळा दिसतो, दर वेळी जास्त मातीने माखलेला. कोल्हापूरला हे सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं मैदान बांधलं ते बशीसारखं, कुठंही बसा, कुस्ती दिसते. आपल्या ग्राउंडच्या पायऱ्यांवरून तो अख्खा मुरमाचा चढ दिसतो. कोण उतरून पळतंय, कुणाचं चाक गरगरतंय, सगळं! शेवटच्या फेऱ्याला घंटा वाजवायची, ती मेसमधली चालेल.

खर्चाचं म्हणाल तर टी-शर्ट आणि पाहुण्यांचे बुके वाचवले तरी फर्स्ट एड, फक्की, दोऱ्या आणि पाण्याचे पैसे निघावेत. सिव्हिलच्या मुलांनी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला हा फेरा काढून चढाचा खरा आकडा द्यावा. ईअँडटीसीवाले टायमिंगची चिप बनवू म्हणतायत, बनवा, पण शेजारी वही आणि स्टॉपवॉच घेऊन एक माणूस बसवा. नियम थोडे ठेवा. हेल्मेट आणि लागणारे ब्रेक सक्तीचे, गिअर सक्तीचे नाहीत. नोंदणीच्या टेबलवर ब्रेक तपासायचा, सायकलची किंमत नाही. मेसमध्ये भाजी घेऊन येणारे दादा, वॉचमन मामांची मुलं, लॅब असिस्टंट सर, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. आणि निकालात शेवटच्या माणसाचंही नाव असावं, किती फेरे बाकी त्याच्यासकट.

राहिला गेटचा प्रश्न, आणि तो रेक्टर मॅडमना आणि सरांना उद्देशून आहे. लेडीज हॉस्टेलचं गेट सकाळी साडेसहाला उघडतं आणि संध्याकाळी सातला बंद होतं. लेक्चर साडेपाचला सुटतं. थंडीत सहानंतर अंधार. मुलगे पहाटे पाचला माळावर जाऊन येतात आणि नाश्त्याला हजर असतात. मग स्पर्धेच्या दिवशी मुली मागे पडल्या की "बघा, म्हणूनच पाच किलोमीटर ठेवलं होतं" असं म्हणणं सोपं आहे. काळजी आम्हाला कळते, घरच्यांनाही ती आहे. म्हणून मागणी एवढीच : आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला, किमान चार जणींच्या ग्रुपला, रजिस्टरमध्ये सही करून बाहेर सोडावं. स्पोर्ट्सच्या मॅडम पहिले दोन आठवडे सोबत येऊ म्हणाल्या आहेत. त्यांच्याकडे सायकल नाही. माझ्या रूममेटची त्या वापरतील, आणि रूममेट तेवढे दिवस माझ्या मागून पळत येणार आहे... म्हणजे तो... म्हणजे ती!

माळावर पाऊस संपल्यावर मुरूम बसायला पंधरा-वीस दिवस लागतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा रविवार बरा पडेल. आत्तापर्यंत लेडीज हॉस्टेलमधून अकरा नावं आली आहेत. त्यातल्या चौघींकडे सायकल नाही, ज्यांच्या पडून आहेत त्यांनी द्याव्यात, पंक्चर आम्ही काढून घेऊ.